सगळ्यांचं एक बीळ

माणूस रानात नाक खुपसायला लागला नव्हता, तेव्हाची गोष्ट. रानकुत्र्यांच्या एका टोळीत सगळ्यांची पिल्लं एकाच बिळात असायची. लंगडी आत्या त्यांची राखण करायची. शिकारीहून येणारा प्रत्येक जण पिल्लांसाठी आणि आत्यासाठी गिळून आणलेलं मांस बिळाशी ओकायचा.

एकदा टोळीतला भुऱ्या गुरगुरला, "मला पोर ना बाळ. मी कशाला ओकू?"

म्होरकीण म्हणाली, "माझी पिल्लं तरी या गर्दीत कशाला?" तिनं वेगळं बीळ उकरलं.

मग काय, ज्याचं त्याचं बीळ झालं. आत्या उपाशी पडली. बिबट्याच्या धाकानं प्रत्येक आई आपल्याच दाराशी बसून राहिली. शिकारीला उरले भुऱ्या आणि म्होरक्या. दोघंच बघून सांबर पळालं नाही, उलट अंगावर आलं. भुऱ्या बरगडी मोडून परतला. भुकेनं पिल्लांचं रडणंही बंद झालं.

शेवटी म्होरकिणीनं आपलं पिल्लू आत्यापुढे ठेवलं. "सांभाळतेस?"

"सांभाळते. सगळ्यांचीच आणा आणि शिकारीला पळा. पण माझा वाटा पोटभर हवा, उरलंसुरलं चालणार नाही. आणि वाटा प्रत्येकानं द्यायचा."

"भुऱ्यानंसुद्धा? त्याला कुठं पिल्लू आहे?"

"मग म्हातारपणी त्याच्यासाठी सांबर कोण पाडणार? तू, की हीच पिल्लं?"

भुऱ्या कण्हत उठला आणि आत्याशेजारी राखणीला बसला.