ठिपकीला खुंटी मिळेना

एक होती ठिपकी. पांढरी, गोल, इवलीशी. राहायची कुठे? नलूच्या गुडघ्यात, कातडीच्या आत. तिला होते छोटे छोटे हात. हातांनी घर घट्ट धरायची आणि घराची राखण करायची.

एक दिवस नलू पायरीवरून पडली. धप्प. गुडघा खरचटला. ठिपकीचे हात सुटले, भीतीने मुठी मिटल्या. ती पडली रक्ताच्या ओढ्यात. डुबुक.

तेवढ्यात गुडघ्यात शिरला एक जंतू. काळा, केसाळ. ठिपकीच्या जागेवर पाय पसरून बसला. मचमच मचमच खायला लागला. नलू रडायला लागली.

ठिपकी म्हणाली, "ती माझी जागा. मला घरी जायचंय. नाहीतर नलूचा गुडघा पिकेल."

पण ओढा थांबतोय होय? गडगड गडगड, चालला घेऊन.

ठिपकी म्हणाली, "हातांनो, हातांनो, मूठ सोडा. काठाची भिंत धरा."

हात म्हणाले, "भिंतीला खुंटी कुठाय? खुंटी दिसल्याशिवाय आम्ही मूठ सोडत नाही."

बरं बाई. ठिपकी गेली भिंतीकडे. गडगड गडगड.

"भिंतीबाई, भिंतीबाई, खुंटी दे."

"का गं?"

"हात मूठ सोडीनात, मी घरी कशी जाऊ?"

भिंत म्हणाली, "दवंडीदादाने ढोल पिटल्याशिवाय मी खुंटी देत नाही. आमची पद्धत आहे."

घ्या. पुढे काही बोलणार, तर ओढ्याने ओढलंच. पोटातून, डोक्यातून, पायातून, सगळं अंग फिरवून पुन्हा गुडघ्यापाशी आणलं. गडगड गडगड.

भिंतीपलीकडे बसला होता दवंडीदादा. ढोल मांडीवर, डोळे मिटलेले. ठिपकीने फटीतून हाक मारली.

"दवंडीदादा, दवंडीदादा, ढोल पिट."

"का गं?"

"भिंत खुंटी देईना, हात मूठ सोडीनात, मी घरी कशी जाऊ?"

दवंडीदादाने जांभई दिली. म्हणाला, "कातडीमावशीचा निरोप आल्याशिवाय मी ढोल पिटत नाही."

"अरे दादा, तिथे जंतू बसलाय."

"बसू दे. निरोप कुठाय?"

ठिपकीने कपाळाला हात लावला. हात कसला, मूठच लावली. ती सुटत कुठे होती? आणि निघाली पुन्हा फेरी. पोट, डोकं, पाय, गुडघा. गडगड गडगड.

भिंतीच्या फटीतून ठिपकी म्हणाली, "कातडीमावशी, कातडीमावशी, निरोप दे."

"कोण गं पलीकडे? मला दिसत नाही. कशाला हवाय निरोप?"

"दवंडीदादा ढोल पिटीना, भिंत खुंटी देईना, हात मूठ सोडीनात, मी घरी कशी जाऊ?"

कातडीमावशी म्हणाली, "इथे मी फाटलेय, आणि तुझं आपलं भलतंच. आमची पहारेकरीण 'चोर चोर' ओरडल्याशिवाय मी निरोप देत नाही."

"मग कुठाय ती पहारेकरीण?"

"कुणास ठाऊक. सकाळपासून पत्ता नाही. वेळेला सापडेल तर शपथ."

ठिपकीचं डोकंच फिरलं. हिला विचारावं तर ती त्याचं नाव सांगते. त्याला विचारावं तर तो तिचं नाव सांगतो. आणि तिकडे जंतूचं चाललंय मचमच मचमच. आता पहारेकरीण कुठे शोधायची?

ओढ्यात शेजारून चालला होता तांबडू. लाल, चपटा, पाठीवर हवेचं गाठोडं.

"तांबडूदादा, तांबडूदादा, पहारेकरीण शोधून दे."

"का गं?"

"कातडी निरोप देईना, दवंडीदादा ढोल पिटीना, भिंत खुंटी देईना, हात मूठ सोडीनात, मी घरी कशी जाऊ?"

तांबडू म्हणाला, "ती राहते कुठे?"

"नलूच्या गुडघ्यात."

"करते काय?"

"घराची राखण."

"आणि नलूच्या गुडघ्याची राखण कोण करतं?"

"मी."

तांबडूने ठिपकीकडे पाहिलं. ठिपकीने ठिपकीकडे पाहिलं.

"अगं बाई," ठिपकी म्हणाली. "म्हणजे ती मीच."

"मग ओरड की. वाट कुणाची बघतेस?"

ठिपकी इतकी वैतागली होती, इतकी वैतागली होती, की गुडघा येताच सगळा राग काढून ओरडली, "चोर! चोर! चोर!"

पहारेकरीण ओरडली, कातडीने निरोप दिला. निरोप आला, दवंडीदादाने ढोल पिटला. डुम डुम डुम. ढोल वाजला, भिंतीने खुंटी दिली. टक्क. खुंटी दिसली, हातांनी मूठ सोडली. आणि खुंटी धरली. गप्पकन.

ओढा ओढतोय, ओढतोय. ठिपकी हलत नाही.

मग तिने फट शोधली. अंग चपटं केलं. सुळ्ळकन आत.

जंतू म्हणाला, "ए, ही माझी जागा."

ठिपकीने मोठ्ठं तोंड उघडलं. गट्टम.

नलूचं रडू थांबलं.

कातडीमावशी म्हणाली, "आलीस का बाई? केव्हाची वाट बघतेय. होतीस कुठे इतका वेळ?"

ठिपकीला खूप बोलायचं होतं. पण तोंडात होता जंतू. मग तिने नुसतं घर धरलं, घट्ट घट्ट.

ओढा गेला पुढे, ठिपकी बसली घरी, आणि गोष्ट संपली बरी.