मेलेल्या गव्याशी टक्कर

चूक म्हाताऱ्या गव्याची होती. हे आधीच ऐकून ठेवा, मुलांनो, कारण मोठी माणसे ही गोष्ट सांगतात तेव्हा चूक हटकून तरुण गव्याच्या गळ्यात घालतात. म्हणे त्याने नको तो प्रश्न विचारला. प्रश्न विचारल्याने कोणी मरत नाही. खोट्या उत्तराने मरते.

डोंगरउताराच्या दाट रानात गव्यांचा एक कळप राहत असे. कळपाच्या पुढे एक तरुण गवा उभा राही. ती जागा त्याला कोणी दिली नव्हती. शेजारच्या रानांतले दांडगे गवे टकरीत मागे रेटून त्याने ती मिळवली होती. पण दिवस कलला, कळप पाणवठ्यावर जमला, की म्हातारा गवा जांभळीच्या सावलीत बूड टेकून रोज एकच विषय काढी. फार वर्षांपूर्वी याच कळपाच्या पुढे एक गवा उभा राहत असे. तो कधीच मेला होता. सगळे त्याला थोरला म्हणत. त्या थोरल्याची आणि या तरुणाची टक्कर लागली असती तर?

"पहिल्या धडकेला हा टिकेल," म्हातारा म्हणे. "दुसरीला याचे पुढचे खूर उचलतील. तिसरी बघायला मी थांबणारच नाही, चरायला जाईन."

"पण आजोबा, याचे पाय चपळ आहेत हो," कावळा फांदीवरून म्हणे. "हा बाजूला सरकला तर?"

"सरकून जाणार कुठं, आभाळात? थोरल्याची शिंगं या काठापासून त्या काठापर्यंत होती."

"म्हणजे आजही थोरलाच जिंकला," कोल्हा हसून म्हणे. "मेल्यापासून हरायचं नावच घेत नाही गडी."

वासरे खिदळत आणि कोवळे गवत आणून म्हाताऱ्यापुढे टाकत. जांभळीखाली बसणाऱ्यांत थोरल्याला पाहिलेला पंच तोच एक, त्यामुळे निकालही त्याचा आणि गवतही त्याचे.

तरुण गवा पाणी पिता पिता सगळे ऐके. जिवंत गव्याला शिंगावर घेता येते. मेलेल्याला कुठून धरायचे? नुसती थट्टा असती तर त्याने सोडूनही दिली असती. पण त्या रानात रानकुत्री होती. ती आली की मोठ्या गव्यांनी शिंगे बाहेर करून गोल रिंगण धरायचे आणि वासरे, म्हातारे मधे घ्यायचे, ही कळपाची रीत. त्यावरही म्हातारा म्हणू लागला, "आमच्या वेळी रिंगण लागत नसे. थोरला एकटा पुरत असे." तेव्हापासून वासरे तरुण गव्याच्या हाकेला रमतगमत येऊ लागली. रिंगणात एक फट राहिली तरी रानकुत्र्यांना तेवढी पुरते.

तरुण गव्याला वास येऊ लागला, की इथे काहीतरी कुजले आहे. गेल्या उन्हाळ्यात थोरल्याची शिंगे करवंदीच्या जाळीएवढी होती. यंदा ती पाणवठ्याच्या दोन्ही काठांना लागली. मेल्यावर शिंगे वाढतात कशी? आणि म्हातारा थोरल्याची एकेक धडक डोळ्यांपुढे उभी करतो, पण त्या गोष्टीत तो स्वतः कधी दिसत कसा नाही?

कळपात एक म्हातारी गवी होती. ती थोरल्याची जोडीदारीण. जांभळीखाली ती कधी फिरकत नसे, लांब एकटीच चरे. तरुण गवा तिच्याकडे गेला.

"आजी, रिंगण खरंच लागत नसे?"

"कोण म्हणतो? रिंगण धरायला थोरल्यानंच तर शिकवलं कळपाला. त्याचा एक गुडघा अधू होता. एकटा कसा पुरेल बापडा?"

"आणि आजोबा तेव्हा कुठं असायचे?"

गवीने तोंडातला घास सावकाश चघळला. "मधे. वासरांत. ऐन उमेदीत होता, अंगानं हा एवढा, तरी मधे. आणि थोरल्याला रोज सुनवायचा, तुझ्या आधीचा गवा असता तर तुला लोळवलं असतं. शेवटी थोरला वैतागून कळप सोडून गेला आणि एकटाच मेला. दुसऱ्या दिवशी याच्या तोंडी तो थोर झाला."

त्या दिवशी पाणवठ्यावर म्हाताऱ्याने टक्कर लावायला घेतली, तेवढ्यात तरुण गवा पुढे आला.

"आजोबा, रानकुत्री यायची तेव्हा तुम्ही कुठं उभे असायचात?"

कावळ्याने मान वाकडी केली.

"मी?" म्हातारा उठून उभा राहिला. "थोरल्याच्या शेजारी. मोकळ्यावर."

"मधे नव्हतात?"

"मधे वासरं उभी राहतात, पोरा."

तेवढ्यात पलीकडच्या कारवीच्या झुडपांत शीळ वाजली. रानकुत्री एकमेकांना अशीच शीळ घालतात. तरुण गव्याने हाक दिली, आणि शीळ इतकी जवळची होती की वासरेही या वेळी धावत आली. म्हातारी गवी आत शिरली. रिंगण धरले गेले. म्हातारा गवा मात्र बाहेरच राहिला.

"आजोबा, आत या."

म्हाताऱ्याचा एक पाय आत यायला उचलला होता; तरुण गव्याने तो नीट पाहिला. पण सगळी वासरे म्हाताऱ्याकडे बघत होती, फांदीवरून कावळा बघत होता, खडकावरून कोल्हा. तो पाय पुन्हा तिथेच टेकला. तरुण गव्याला शंका आली, की हा अजून आर्जवाची वाट बघतो आहे. आपण विनवायचे आणि याने उपकार केल्यासारखे आत यायचे. तरी त्याने विनवले.

"या म्हणतो ना. भांडण नंतर करू."

"आम्ही रिंगणात कधी शिरलो नाही," म्हातारा म्हणाला.

रानकुत्री म्हातारा आणि रिंगण यांच्या मधे घुसली. तरुण गव्याने एक पाऊल बाहेर टाकले. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत एक वासरू हंबरले, आणि दोन रानकुत्री तिकडे वळली. त्याने पाऊल मागे घेतले आणि फट बुजवली.

सगळे निवल्यावर कोल्हा खडकावरून म्हणाला, "थोरला असता तर वाचवलं असतं."

कळपातले एकही वासरू गेले नव्हते. म्हातारा गवा मेला.

तात्पर्य : मेलेल्या पहिलवानाला कोणी हरवू शकत नाही, म्हणून त्याच्या नावाने तुम्हाला हिणवणाऱ्या मोठ्यांना आधी विचारावे, की तेव्हा तुम्ही कुठे होता.