चाकाचा विसावा

नदीकाठच्या एका गावात एक कुंभार होता. मोठा रांजण घडवावा तर त्यानेच, असं सारी पंचक्रोशी म्हणे, आणि सर्वांत जास्त वेळा तो स्वतःच म्हणे.

एका वर्षी गावाने जत्रेच्या पाणपोईसाठी त्याच्याकडे रांजण मागितले. कुंभार हुरळून गेला आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत घडवत बसला. एका हाताने थापी घेऊन बाहेरून ठोकायचं, दुसऱ्या हाताने आतून दगडाचा आधार द्यायचा. होता होता त्याच्या मनगटातून कळा येऊ लागल्या. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या यायच्या. भाकरीचा घास हातातून निसटला, की तो भाकरीलाच नावं ठेवायचा.

कुंभारणीने त्याला बळेबळे वैद्यबुवांकडे नेलं. बुवांनी मनगट दाबून पाहिलं आणि बजावलं, की थोडे दिवस थापी आणि चाक दोन्ही बंद. मनगट सरळ राहील अशी पट्टी बांधायची, माती पायांनी तुडवायची आणि पुढेही मधूनमधून हात थांबवत जायचं.

"मग जत्रेला पाणी काय ओंजळीने पाजू?" कुंभार म्हणाला.

"हट्ट केलास, तर ओंजळही धरता यायची नाही," बुवा म्हणाले.

पण कुंभाराने ना थापी सोडली, ना चाक. त्याच्या कुळात एक रीत होती. अमावास्येला चाक फिरवायचं नाही, हळदकुंकू वाहून त्याला दिवसभर विसावा द्यायचा. अमावास्या आली तसं कुंभारणीला हायसं वाटलं. पण कुंभाराने चाकाला मनोभावे हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि त्याच्या शेजारीच बसून दिवसभर हातांनी माती मळली, थापी चालवली. रीत मोडली नाही म्हणून वर मिशीला पीळही दिला.

दुसऱ्या दिवशी तो चाकावर रांजणाचं तोंड घडवत होता. ओल्या मातीवर एक लाल रेघ उमटली आणि चाकाबरोबर फिरत रुंद होत गेली.

"मातीत गेरू कुणी कालवला?" तो करवादला.

कुंभारीण बघायला आली आणि जागीच थिजली. मग पुढे होऊन तिने फिरतं चाक दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, गेरू नाही तो. तुमचं बोट कापलंय."

मातीत खापरीचा तुकडा राहिला होता. बोट खोलवर चिरलं होतं, रक्त मनगटापर्यंत ओघळत होतं, आणि त्याला काही म्हणजे काही दुखत नव्हतं. त्याने ते बोट दाबलं, पुन्हा दाबलं. ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसं वाटलं. ज्या हातांवर घर चालत होतं, ते हात कधी बधिर झाले हे त्याला कळलंच नव्हतं.

त्याचे रांजण अपुरेच राहिले, आणि जत्रेत पाणपोईवर शेजारच्या गावचे रांजण लागले. कुंभार पाणी प्यायला वाकला, त्याने ओंजळ धरली, आणि सगळं पाणी अंगठ्यापाशी गळून गेलं. भोवती माणसं असूनही त्याला रडू आवरेना. कुंभारणीने आपल्या ओंजळीने त्याला पाणी पाजलं.

पुष्कळ महिने पट्टी बांधल्यावर बोटांना जाण आली, पण रांजण घडवण्याचं बळ काही परत आलं नाही. कुंभार लहान मडकी करू लागला, तीही थांबत थांबत. अमावास्येला कुंभारीण हळदकुंकवाचं तबक आणी आणि चाकाच्या आधी त्याच्या दोन्ही मनगटांना हळद लावी. मग तो दिवसभर हात मांडीवर ठेवून मुकाट बसे.

तात्पर्य: चाकाला विसावा द्यावा, तसाच चाक फिरवणाऱ्या हातांनाही द्यावा. हात दुखून सांगतात तोवरच त्यांचं ऐकावं, कारण ते सांगायचे थांबले की फार उशीर झालेला असतो.