परक्या डोंगरावरची घंटा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तिथल्या राजाचं नाव आज त्याच्या पणतवंडांनाही सांगता यायचं नाही. म्हणून राजाला आपण त्याच्या राजवाड्यात सुखानं झोपू देऊ. आपल्याला काम आहे ते सुभानाशी.

सुभाना होता कळकर. म्हणजे कळ फिरवली की आपोआप चालणाऱ्या वस्तू बनवणारा. आपोआप मिटणारं दार, आपोआप पाखरं हाकणारं बुजगावणं, आपोआप हलणारा पाळणा. डोकं असं तल्लख, की गावात म्हणत, ह्याच्या हाताला देवानं जरा जास्तच बोटं दिली असावीत. बोटं पाचच होती, मी मोजलेली नाहीत, पण पाचच असणार.

आईबाप लहानपणीच गेले, आणि त्याला वाढवलं कृष्णाई मावशीनं. मावशी नदीवर नाव चालवायची. सुभाना त्या नावेतच रांगला, नावेतच जेवला आणि नावेतच मार खाल्ला. मावशीला नवरा नाही, मूलबाळ नाही. तिचे दोन जीव होते, एक सुभाना आणि दुसरी ती नाव.

आता त्या नदीची एक खोड होती. थंडी पडली की पहाटेपासून असं दाट धुकं धरायचं, की वल्हं मारणाऱ्याला स्वतःचं नाक दिसू नये. एका हिवाळ्यात मावशीची नाव काठ चुकली आणि तासभर पाण्यातच गोल गोल फिरत राहिली. नावेतल्या माणसांनी देवांची नावं घेऊन घेऊन संपवली. तेव्हा पंच म्हणाले, "कृष्णाई, पुढच्या थंडीपर्यंत काहीतरी सोय कर. नाहीतर नाव ओढून काठावर पालथी घालायची. माणसांच्या जिवाशी खेळ नको."

मावशीनं नावेचा दोर घट्ट धरला. पण सुभाना छाती फुगवून पुढं झाला.

"मावशी, घोर लावून घेऊ नको. मी घाटावर अशी घंटा बसवतो, की नदीच्या धारेनं चाक फिरेल आणि घंटा आपोआप वाजत राहील. धुक्यात तू नुसती कान देऊन ये."

"करशील ना रे नक्की?"

"करतो म्हणजे काय? झालीच समज!"

बाळांनो, आणि बाळांच्या मागं बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, "झालीच समज" असं कुणी म्हणालं, की समजावं, अजून सुरुवातही नाही.

सुभानानं घंटेला हात घालायचा, तेवढ्यात त्याच्या कानावर आलं, की डोंगराच्या पायथ्याशी मोफतपेठ भरली आहे. देशोदेशीचे कारागीर तिथं आपली हत्यारं मांडून बसायचे. घ्या, वापरा, बघा! दाम नाही, उधारी नाही. सुभानाच्या डोळ्यांत चांदण्याच चमकल्या. "घंटा काय, करूच. पण आधी हत्यार तर चांगलं हवं!"

पहिल्या दुकानात त्याला करवत मिळाली. दुकानदारानं फक्त नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग घराचं दार कुठल्या दिशेला, मावशीला कोणती भाजी आवडते, हेही विचारलं. सुभानानं सगळं भडाभडा सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दारात डफवाला हजर. "सुभानाराव हो! तुमच्या मावशीच्या आवडत्या दोडक्याची शपथ, आमची नवी करवत आली हो!"

दुसऱ्या दुकानात मिळाला पोपट. लाकडाकडं नुसतं बघून माप सांगायचा. "दीड वीत!" म्हणायचा आणि लगेच, "आमच्या मालकाची छत्री घ्या, छत्री!" पुन्हा "दोन बोटं!" आणि पुन्हा छत्री. छत्र्या ऐकून ऐकून सुभाना दीड वितीचं लाकूड दोन बोटांवर कापायला लागला.

तिसरीकडं रंधा मिळाला. लोण्यासारखा चालायचा हो! पण पौर्णिमा उलटली आणि तो जागचा हलेना. पेठेत जाऊन विचारलं तर कारागीर हसून म्हणाला, "तूर्त मोफत, असं म्हटलं होतं मी. तुम्ही मोफत ऐकलंत, तूर्त ऐकलं नाहीत."

कुणी शहाणा असता तर इथंच थांबला असता. पण फुकटाची गोडी गुळापेक्षा वाईट. सुभाना पेठेत जायचा आणि नवं काहीतरी काखेत मारून यायचा.

आणि ह्यात आणखी एक गंमत होती. कळकरांची एक जुनी रीत असे. नवं हत्यार हाती आलं, की त्यानं आधी एक छोटी बाहुली करायची. कळ फिरवली की बाहुली हात जोडणार आणि तिच्या पोटातली पट्टी किणकिणत "राम राम" म्हणणार. बाहुली बोलली, म्हणजे हत्यार चालतं. मग खऱ्या कामाला लागायचं. सुभाना ही रीत अगदी मनोभावे पाळायचा. फक्त तिचं शेवटचं वाक्य तेवढं तो विसरला.

थंडी तोंडावर आली तेव्हा मावशी त्याच्या कामाच्या पडवीत डोकावली. फळीवर बाहुल्या, उंबऱ्यावर बाहुल्या, चुलीच्या वैलावरही एक. सुभानानं हौसेनं सगळ्यांच्या कळा फिरवल्या. पडवीभर एकच गलका झाला, राम राम, राम राम!

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "सुभान्या, हा रामराम आल्याचा म्हणायचा का गेल्याचा?"

"आल्याचा गं मावशी! ही करवतीची, ही रंध्याची, आणि ही बघ..."

"आणि घंटा?"

सुभाना फळीवरच्या बाहुल्या सारख्या करायला लागला.

"लेकरा, तू कामापाशी येतोस, रामराम करतोस आणि तिथंच त्याला रामराम ठोकून पुढच्या हत्याराकडं पळतोस. एक ना धड, भाराभर चिंध्या! माझी नाव पालथी घालतील रे ते."

 सुभानाला लाज वाटली, फार वाटली. पण लाज वाटलेला माणूस कधीकधी काम करायच्या ऐवजी पळवाट शोधतो. तो तडक पेठेत गेला.

तिथं एक गोड बोलणारा व्यापारी बसला होता. "घंटा हवी? अहो, बनवता कशाला? माझ्या डोंगरावर थोरली घंटा टांगलेली आहे. ती सांभाळायला माझा माणूस आहे. तुम्ही फक्त ही दोरी तुमच्या घाटापर्यंत न्या. तुम्ही इकडं ओढलीत की तो तिकडं टोल देतो. घडवायला नको, पुसायला नको, काही कटकटच नको!"

सुभानानं दोरी आणली आणि घाटावर खुंटीला बांधली. गावाला सांगितलं, "झाली सोय!"

पहिलं धुकं पडलं. मावशी पैलतीरावरून माणसं घेऊन निघाली. वल्ह्यांचा आवाज येऊ लागला. सुभानानं ऐटीत दोरी ओढली.

काहीच नाही.

पुन्हा ओढली. बऱ्याच वेळानं दोरीवरून दोन हिसके आले, म्हणजे तिकडून निरोप होता, की घंटावाला झोपला होता, उठतो आहे. फुकटातल्या गावांसाठी तो सावकाशच उठायचा. सुभाना दोरी ओढतच राहिला. आणि मग एकदाची घंटा वाजली. टण्ण! काय तो आवाज, सारी नदी दणाणली.

सुभाना आनंदानं उडीच मारणार होता. पण वल्ह्यांचा आवाज जवळ यायच्या ऐवजी लांब जायला लागला. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. घंटा घाटावर कुठं होती? ती होती परक्या डोंगरावर! मावशी बिचारी आवाजाच्या रोखानं निघाली होती, आणि डोंगराखाली पाण्यात सगळे खडकच खडक.

"मावशे! तिकडं नको! इकडं, इकडं!"

ओरडून उपयोग नव्हता. वर घंटा दणदणत होती. सुभाना धावत सुटला. वाटेत एका घराच्या ओट्यावरची परात उचलली, दगड उचलला आणि कंबरभर पाण्यात शिरून बडवायला लागला. रडत होता, ओरडत होता, परात बडवत होता. तिकडं खडकाला नाव घासल्याचा कर्र आवाज आला. मग क्षणभर सगळं चिडीचूप. आणि मग हळूहळू वल्ही वळली.

माणसं सुखरूप उतरली. एका म्हातारीची कोंबडी तेवढी पाण्यात पडली होती, तीही फडफडत काठाला लागली. पण पंचांनी ऐकलं नाही. नाव ओढली आणि वाळूवर पालथी घातली.  मावशी नावेच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. तिनं दोन थपडा दिल्या असत्या तर सुभानाला बरं वाटलं असतं.

तो पंचांच्या पाया पडला. "ही थंडी सरायच्या आत एकदा पारख करा. एकदाच."

घरी येऊन त्यानं डफवाल्याला दारातून हाकललं, पोपटाला सोडून दिलं आणि दोरी कापून टाकली. मग प्रथमच तो नदीकाठी शांत बसला. धार कुठं जोरात आहे, आवाज कुठून यायला हवा, चाक केवढं हवं, हे बघितलं. कामाला काय लागणार ते कळलं, तसं हत्यारही आपोआप ठरलं. बापाचा लाकूड तासायचा वाकस, जुनी पटाशी, आणि हो, मोफतपेठेतलं एक सामतंही. ते भोकं फार सरळ पाडायचं, आणि ते देणाऱ्या म्हाताऱ्यानं ना नाव विचारलं होतं ना गाव. सगळंच फुकटातलं वाईट असतं असं कुठं आहे? बाकीची हत्यारं त्यानं ज्याची त्याला परत केली.

चाक एकदा मोडलं, एकदा उलटं फिरलं. ह्या वेळी सुभाना उठून कुठं गेला नाही.

मग धुक्याची सकाळ आली. पंच घाटावर जमले. पारखेपुरती सुलटी केलेली नाव घेऊन मावशी एकटीच पैलतीराला गेली आणि परत फिरली. धार चाकावर आली, चाक फिरलं, घंटा वाजली. ठण्क, ठण्क. सुभानानं स्वतः ओतलेली घंटा ती, जरा बसक्या गळ्याची. सुभाना कानांत प्राण आणून उभा होता. वल्हं जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि नाव नेमकी घाटाच्या पायरीला येऊन टेकली.

मावशी उतरली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "गळा बसलाय रे तुझ्या घंटेचा. पण आवाज आपल्या काठावरचा आहे."

पंचांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून नाव पुन्हा पाण्यात गेली ती कायमची, आणि धुक्यातही कधी काठ चुकली नाही. सुभाना पुढंही मोफतपेठेत जात राहिला, पण काय हवं ते घरून ठरवून.

म्हणून सांगतो, आधी काम ओळखावं आणि मग हत्यार उचलावं. जो नुसती हत्यारंच उचलत बसतो, त्याचं काम पैलतीरालाच राहतं.