सव्वाशे वावांची पट्टी

फार फार पूर्वी, गलबतं फक्त वाऱ्यावर चालत असत तेव्हाची ही गोष्ट.

समुद्राकाठी एक लहानसं राज्य होतं. राज्याला एकच बंदर होतं आणि बंदराला एकच पेठ. बंदरामागे माडांची रांग संपली की एक लांबलचक, अरुंद जागा लागायची. रुंदीला बैलगाडी वळणार नाही एवढीच, पण लांबीला सरळ सव्वाशे वाव. वाव म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. त्या जागेला सगळे पट्टी म्हणत. पट्टीवर एक दोरवाला आणि त्याची बायको दोर वळत असत.

दोर वळायचा तर जागा दोरापेक्षा लांब लागते. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्या हे लक्षात येत नाही. पट्टीच्या एका टोकाला चाक होतं. बायको ते फिरवायची. दोरवाला कमरेला काथ्या गुंडाळून, बोटांतून थोडा थोडा सोडत, मागे मागे चालत जायचा. पट्टी संपली की एक पेड पुरा व्हायचा. असे तीन पेड एकमेकांत पिळले की दोर तयार. पिळताना दोर आखडतो, म्हणून सव्वाशे वावांच्या पट्टीवर शंभर वावांचा दोर निघायचा. गलबताच्या नांगराला नेमका तेवढाच दोर लागतो. आणि तो अखंड लागतो, त्यात कुठेही सांधा चालत नाही.

दोर झाला की पेठेतला एक व्यापारी तो घेऊन जायचा आणि आपल्या दुकानात दुप्पट भावाने विकायचा. नाखवे, म्हणजे गलबतांचे मालक, त्याला एवढंच विचारत, "पट्टीवरचा आहे ना?" आणि मोजून पैसे देत.

दोरवाल्याला हे ठाऊक होतं. एकदा त्याने व्यापाऱ्याकडे भाव वाढवून मागितला. व्यापारी हसला आणि म्हणाला, "दोर तुझा चांगलाच आहे रे, पण तुला शोधायला माडांत कोण येणार? उलटं चालणाऱ्याने पुढच्या गोष्टी बोलू नयेत." दुकानातली माणसंही हसली. दोरवालाही हसला, पण घरी जाईपर्यंत ते शब्द त्याच्या कानात होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेठेच्या चौकात एक दुमजली गाळा विकायला निघाला. सागवानी खांब, दगडी पायऱ्या, वर माडी. दोरवाला रोज काही ना काही निमित्त काढून त्या गाळ्यावरून जाऊ लागला. इथे आपण बसलो तर नाखवे सरळ आपल्याकडेच येतील, असं तो स्वतःशी म्हणायचा. हा विचार काही चुकीचा नव्हता. त्याच्याजवळ किमतीचा चौथा भाग शिलकीत होता. बाकीच्यासाठी तो पेढीवर गेला.

पेढीचे शेट सरळ माणूस होते. त्यांनी त्याला दोन वाटा समजावून सांगितल्या, आणि नीट कळाव्यात म्हणून दोनदा सांगितल्या. पहिली वाट नजरगहाणाची. पट्टी दोरवाल्याकडेच राहील, पेढीवर फक्त कागद राहील, पण व्याज जास्त पडेल. दर पौर्णिमेला पाच मोहरांचा हप्ता. दुसरी वाट ताबेगहाणाची. अर्धी पट्टी पेढीच्या ताब्यात जाईल, पेढी ती भाड्याने देईल, आणि हप्ता तीनच मोहरांचा होईल.

"ती जागा मी येता-जाता पाहिलीय," शेट म्हणाले. "लांबच लांब रिकामीच पडलेली असते. अर्धी गेली तर तुझं काय अडणार?"

दोरवाल्याला सांगावंसं वाटलं, की ती रिकामी नाही. पण समोर पाच मोहरा आणि तीन मोहरा होत्या, आणि मनात सागवानी खांब होते. शेटसारख्या जाणत्या माणसाला जी जागा रिकामी वाटते ती थोडीफार रिकामी असेलही, असं त्यालाही त्या क्षणी वाटून गेलं. त्याने ताबेगहाणाच्या कागदावर अंगठा उठवला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातला काथ्या खाली ठेवला. मग म्हणाली, "अहो, चाक राहील आपल्याकडे. पण तुम्ही मागे जाल कुठवर?"

"साठ-बासष्ट वाव पुरे झाली. पन्नासाचे दोन दोर वळेन आणि मधे सांधेन. आजवर माझा सांधा कुणाला सापडलाय?"

"विहिरीवर नाही सापडला," ती म्हणाली. "समुद्राचं मला ठाऊक नाही."

तरी तिने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. गाळ्यात माल भरायला पैसे लागणारच होते.

पेढीने अर्धी पट्टी एका लाकूडवाल्याला वर्षाच्या बोलीने दिली. त्याने तिच्यावर वासे आणि फळ्या रचल्या. इकडे दोरवाला चौकात गादीवर बसू लागला. पहिले आठ दिवस मोठ्या आनंदात गेले. लोक येत, माडी पाहून जात, पानसुपारी खात. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. तो गाळ्यात बसला की पट्टीवर मागे चालायला कुणी नसे. बायको गाळ्यात बसली की चाक फिरवायला कुणी नसे. जुन्या व्यापाऱ्याने त्याच्याकडून माल घेणं बंद केलं होतं, आणि जवळचा जुना साठा तो जपून विकत होता. दोरवाल्याच्या गाळ्यात गिऱ्हाईक येई ते विहिरीच्या दोराला, गाईच्या दाव्याला, वाळवणाच्या दोरीला. त्यात तीन मोहरा जमता जमत नसत. पाच पौर्णिमा त्याने कशाबशा निभावल्या.

सहाव्या पौर्णिमेच्या सकाळी त्याच्याजवळ अर्धी मोहरसुद्धा नव्हती. गाळ्यात एकच मोठा माल होता. शंभर वावांचा नांगराचा दोर, पन्नास अधिक पन्नास. त्याने तो वेटोळं करून कोपऱ्यात ठेवला होता. सांधा आतल्या फेऱ्यात होता.

त्याच सकाळी एक नाखवा आला. मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. भरतीबरोबर त्याला निघायचं होतं आणि त्याचा जुना दोर कुजला होता. त्याने वेटोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता तुझ्याकडचा म्हटल्यावर विचारायचं काय?" चार मोहरा गादीवर ठेवून, दोर दोघा खलाशांच्या खांद्यावर देऊन तो निघून गेला.

दोरवाला काही खोटं बोलला नाही. तो काहीच बोलला नाही. तीन मोहरा घेऊन तो तडक पेढीवर गेला, हप्ता भरला, आणि दुपारी जेवायला घरी आला.

बायकोने भात वाढला. कोपऱ्यातला दोर विकला गेल्याचं तिला रस्त्यातच कळलं होतं. तिने एवढंच विचारलं, "नाखव्याला सांगितलंत ना?"

त्याचा हात ताटातच राहिला. ती भाताच्या भांड्यावर झाकण ठेवून बाजूला बसली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. विहिरीच्या दोरावर फार तर दोन घागरींचं ओझं येतं, हे त्याला माहीत होतं. नांगराच्या दोरावर अख्खं गलबत ओढ घेतं, आणि दोर त्याच्या काठावर घासतो. तिथे सांधा आला की तो किती दिवस टिकेल, हे त्या बंदरात त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. तो ताटावरून उठला आणि धक्क्याकडे धावत सुटला.

गलबत अजून धक्क्यालाच होतं. खलाशी दोराचं टोक नांगराला बांधत होते. दोरवाला धापा टाकत नाखव्यापुढे उभा राहिला.

"नाखवा, हा दोर नेऊ नका. मधोमध सांधा आहे."

नाखव्याने दोर हातात घेतला आणि वाव वाव करत पुढे सरकवला. मध्यावर आला, मध्य ओलांडून गेला, त्याला काही सापडलं नाही. शेवटी दोरवाल्यानेच बोट ठेवून सांधा दाखवला. नाखव्याने त्यावर अंगठा फिरवला.

"सांधा चांगला घातलायस," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणून जास्त वाईट वाटतं. वाईट असता तर मला दिसला असता. सात माणसं आहेत माझ्या गलबतावर. माझे पैसे दे. भरतीच्या आत मला दुसरा दोर बघायचाय."

पैसे पेढीत गेले होते. दोरवाल्याने तेही सांगून टाकलं. मग दोघं मिळून पेढीवर गेले.

दोरवाल्याने शेटना झालेलं सगळं सांगितलं आणि भरलेला हप्ता परत मागितला. पेढीचे मुनीम टाक खाली ठेवून म्हणाले, "चाळीस वर्षं झाली मला या पेढीवर. हप्ता चुकवणारे पुष्कळ पाहिले. भरलेला हप्ता परत मागणारा हा पहिलाच."

शेट हसले नाहीत. त्यांनी नाखव्याला गलबतात माल कुणाचा आहे ते विचारलं. नाखवा म्हणाला, माल माझा, पण घेतलाय तुमच्याच पेढीच्या पैशावर. शेट दोरवाल्याकडे वळले.

"म्हणजे तुझे तीन मोहरांचे हप्ते माझ्याच हजार मोहरा पणाला लावून चालले होते," ते म्हणाले. "पण मला एक सांग. ती जागा तर रिकामीच होती की नाही? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय."

"शेट, दोर वळून झाला की ती रिकामी दिसते," दोरवाला म्हणाला. "वळताना ती पुरत नाही. हे मी त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला गाळा हवा होता, म्हणून नाही सांगितलं."

"आणि मी विचारायला हवं होतं," शेट म्हणाले. "मला कागद हवा होता, म्हणून नाही विचारलं."

त्यांनी पेटीतून तीन मोहरा काढल्या. चौथी दोरवाल्याच्या कनवटीला होती. नाखवा चार मोहरा घेऊन जुन्या व्यापाऱ्याकडे गेला. तिथे एकच अखंड दोर उरला होता, पूर्वी सबंध पट्टीवर वळलेला. व्यापाऱ्याने त्याच्या सहा मोहरा मागितल्या. वरच्या दोन नाखव्याने आपल्या पदरच्या घातल्या आणि दोरवाल्याकडे न बघता तो गलबतावर चढला.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं झालं असतं. पण घेतलेलं कर्ज असं एका दिवसात फिटत नाही. गाळा विकावा लागला. दोरवाल्याला घाई आहे हे सगळ्या पेठेला कळलं होतं, त्यामुळे भाव पडूनच मिळाला, आणि घेतला तो जुन्या व्यापाऱ्यानेच. शिल्लक गेली, पाटल्या गेल्या, आणि तरी थोडं देणं राहिलं. शेटनी ते नजरगहाणावर बदलून दिलं. पण लाकूडवाल्याची बोली वर्षाची होती, आणि त्यांनी दिलेला शब्द मोडला नाही. म्हणून पुढचे सहा महिने दोरवाला साठ वावांतच मागे-पुढे करत राहिला आणि दावी, पाळण्यांचे दोर, विहिरींचे दोर विकत राहिला. सांध्याची गोष्ट त्याने स्वतःच सांगितलेली होती, तरी ती बंदरभर झाली. पट्टी मोकळी झाल्यावरही वर्षभर एकाही नाखव्याने त्याच्याकडून नांगराचा दोर घेतला नाही. त्याबद्दल त्याने कुणाला बोल लावला नाही.

तिसऱ्या वर्षी देणं फिटलं. त्या दिवशी शेट स्वतः पट्टीवर आले, आणि काम चालू असताना आले. दोरवाला पाठमोरा चालत येत होता, म्हणून त्यांना तीनदा बाजूला व्हावं लागलं. पेड पुरा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता पुन्हा गाळा घ्यायचा का? पेढी पैसे देईल."

दोरवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने चाक थांबवलं होतं. मग तो म्हणाला, "शेट, पैसे हवेत, पण गाळ्याला नाही. पावसाचे चार महिने इथे चिखल होतो आणि आमचे हात बसून राहतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर झावळ्यांचं छप्पर घालायचंय. गहाण हीच पट्टी ठेवतो. पण नजरगहाण. व्याज जास्त पडलं तरी चालेल."

शेटनी तिथेच खाली बसून कागद लिहिला. पुढे त्या पेढीने एक रीतच पाडली. कुणी जागेसाठी कर्ज मागायला आला की मुनीम आधी एक दिवस त्याच्या कामाच्या जागी, काम चालू असताना, जाऊन बसत. कुंभाराकडे बसले, विणकराकडे बसले. काही कर्जं त्यामुळे द्यायची राहिली, पण दिलेली फारशी बुडाली नाहीत.

छप्पर झालं. पहिल्याच पावसाळ्यानंतर, गलबतं पुन्हा समुद्रात जायला निघाली तेव्हा पट्टीवर शंभर वावांचे सहा अखंड दोर तयार होते. ते घ्यायला नाखवे माडांतून चालत आले. तो मोठ्या आवाजाचा नाखवा त्या वर्षी आला नाही. पुढच्या वर्षी आला.

तात्पर्य : नव्या जागेसाठी कर्ज जरूर काढावं, पण ज्या जागेवर आपले हात चालतात, ती जागा तोडून कधी काढू नये.