वैजंताने बादलीने जीप दुरुस्त केली

"परवा सकाळपर्यंत जीप चालू झाली नाही, तर सटवाजी, तुझी नोकरी संपली," उदाजीराव इनामदारांनी बंगल्याच्या पोर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

सटवाजी तीस वर्षं त्यांची गाडी चालवत होता. घाट चढताना इंजिन तापलं होतं, काटा लाल रेघेवर गेला होता. तेव्हा "थांबू नकोस, चल" असं इनामदार स्वतःच म्हणाले होते. पण ते आता बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

शहरातून गॅरेजवाले खटावकर आले होते. त्यांनी इंजिनातलं तेल काढून पाहिलं, तर ते दुधाच्या चहासारखं झालेलं.

"हेड गॅस्केट गेलंय," ते म्हणाले. "इंजिनवर हे जड झाकण असतं ना, हेड, त्याच्या खालचं पातळ पॅकिंग जळलंय. पाणी तेलात उतरतंय. गॅस्केट मी आणलंय, पण बसवायला गाडी शहरात न्यावी लागेल. हेड उचलायला क्रेन पाहिजे, बोल्ट मोजून आवळायला टॉर्क पाना पाहिजे, ठरलेला जोर लागला की कट् वाजणारा. तीन आठवडे धरा."

सासऱ्यांचा डबा घेऊन आलेली वैजंता खांबाशी उभी होती. सटवाजीची ही सून गावोगावच्या शेतातली पाण्याची इंजिनं दुरुस्त करायची. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी पंप शेतातच दुरुस्त करते. विहीर उचलून शहरात नेत नाही."

खटावकर हसले. इनामदार मात्र हसले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "मग इथंच कर. तुझ्या पिशवीत जे आहे आणि माझ्या घरात जे आहे, तेवढंच वापरायचं. फाटकाबाहेरून एक हत्यार आत आलं, तर सासरा घरी बसला समज."

सटवाजीचा चेहरा उतरला. "पोरी, कशाला बोललीस?"

"मामंजी, तुम्ही फक्त मी मागेन ते हातात द्या," ती म्हणाली.

पिशवीत पाने, हातोडी आणि एक पातळ पट्टी होती, बस्स. तिने एका पुठ्ठ्याला भोकं पाडली आणि निघेल तो बोल्ट त्याच्या जागेप्रमाणे त्यात खोचत गेली. दुपारी ती इनामदारांसमोर उभी राहिली.

"सरकार, पोर्चमधला झोपाळा काढू का? कडी पाहिजे."

झोपाळा उतरला, जीप ढकलून त्या जागी आणली. कडीला विहिरीवरचा रहाट टांगून तिने आणि सटवाजीने दोराने हेड वर घेतलं.

"सरकार, जेवणाच्या टेबलावरची काच मिळेल का?"

हेड कुठे वाकलंय का ते बघायचं होतं. तिने घासून स्वच्छ केलेलं हेड त्या जाड काचेवर टेकवलं आणि अगरबत्तीच्या पुड्यातला पातळ कागद चारी बाजूंनी खाली सरकवून पाहिला. कागद कुठेच आत जाईना. हेड सरळ होतं. हेड जिथं बसतं तो इंजिनाचा भागही तिने काचेच्या कडेने तसाच तपासला. त्या दिवशी उदाजीराव इनामदार पाटावर बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सरकार, तुमची आंघोळीची बादली."

"आता मी आंघोळही करायची नाही?"

"आजची उद्या करा, सरकार."

खटावकर मुक्कामालाच होते. ते खुर्ची पुढे ओढून बसले. वैजंताने नवं गॅस्केट ठेवलं, हेड हळूच उतरवलं, बोल्ट हातानेच बसवले. मग पान्याला घरातलाच एक पाइप जोडला, बोल्टपासून टोकापर्यंत बरोबर एक मीटर. रहाट गाडीच्या बाजूला खांबाला बांधून त्याला ग्रीस लावलं. पाइपच्या टोकाला बांधलेला दोर त्यावरून नेला आणि खाली बादली अडकवली. दुधाच्या मापाने तिने दहा लिटर पाणी बाजूला मोजून ठेवलं.

"गॅस्केटच्या खोक्यावर अकरा छापलंय," ती म्हणाली. "एक मीटरवर अकरा किलोचा ओढा."

"मग दहाच लिटर का मोजलंस?" खटावकरांनी पकडलं.

"बादली एक किलोची आहे, साहेब."

आधी थोडं पाणी, मग जास्त, मग पुरं, अशा तीन फेऱ्यांत तिने सगळे बोल्ट आवळले. चादरीच्या सुरकुत्या काढतात तसं, मधून कडेकडे. दर बोल्टला बादली सावकाश खाली यायची आणि एका जागी थांबायची. थांबली की पुढचा बोल्ट.

संध्याकाळी तिने नवं तेल, नवं पाणी भरलं. सटवाजीने देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पांढरा धूर नाही, म्हणजे पाणी आत उतरत नव्हतं.

सकाळी इनामदार स्वतः सटवाजीच्या शेजारी बसून घाट चढून उतरून आले. काटा मधेच होता. पण खटावकरांचं समाधान झालं नव्हतं. काम संपलंय, आता हत्यार आत आणायला हरकत नाही, असं म्हणून त्यांनी शहरातून मागवून घेतलेला टॉर्क पाना फाटकातून आत आणला. इंजिन निवेपर्यंत सगळे पोर्चमध्ये थांबले. सटवाजी घाम पुसत होता.

अकरावर लावलेला पाना कट् वाजला, बोल्ट हलला नाही. बारावर लावला, तेव्हा बोल्ट केसभर सरकला. दुसरा बोल्ट तसाच, तिसराही तसाच.

खटावकरांनी पाना खाली ठेवला. "बाई, हा बावीस हजारांचा पाना आहे. आंघोळीच्या बादलीने तेच माप कसं येतं?"

"पाण्याला कुठं ठाऊक असतं, साहेब, आपण कुणाच्या बादलीत आहोत ते," वैजंता म्हणाली. "दहा लिटर म्हणजे दहा किलो. सरकारांच्या घरी दहा आणि आमच्या घरी नऊ, असं ते करत नाही."

उदाजीराव इनामदार असे हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. खटावकरही हसू लागले.

"सटवाजी," डोळे पुसत इनामदार म्हणाले, "काटा लाल झाला तेव्हा चल म्हणालो होतो, ते मीच. इथून पुढे तू थांब म्हणालास की मी उतरेन." मग ते वैजंताकडे वळले. "फाटकाजवळची ती मोठी शेड आजपासून तुझी. भाडं नाही. पंप कर, ट्रॅक्टर कर."

"आणि हेडचं काम आलं," खटावकर पाना उचलत म्हणाले, "तर मीच इकडे पाठवीन."