तीनशे चुलींचा धूर

राजाच्या गोष्टी तुम्ही रोजच ऐकता. आज शिपायाची ऐका. पांघरूण नीट घ्या, आणि मधे मधे विचारू नका, मी विसरते.

तर एक होता शिपाई. त्याचं नाव सटवाजी. दिसायला चारचौघांसारखा, लढायलाही चारचौघांसारखाच. दसरा झाला की राजाच्या फौजेबरोबर मुलूखगिरीला जायचा आणि पेरणीच्या आधी घरी यायचा. अशी बारा वर्षं गेली. कुणी कधी पाठ थोपटली नाही, की हातात कधी सोन्याचं कडं आलं नाही. कोसच्या कोस चालायचं, मिळेल तिथं पाठ टेकायची, भीती वाटली तर गिळून टाकायची, हेच त्याचं शिपाईपण. एक गोष्ट मात्र त्याला जमायची, बरं का. लाकूड ओलं असो की वारा सुटलेला असो, सटवाजीनं फुंकणी लावली की चूल पेटलीच. सोबतचे शिपाई म्हणायचे, "सटव्याची तलवार म्यानात गंजली, पण फुंकणी झिजून अर्धी झाली." तो हसायचा आणि पुढच्या चुलीकडे वळायचा.

मग एकदा काय झालं, लढाई अंगावर आली. पाठीशी नदी, समोर टेकडी, आणि टेकडीवर शत्रू. शत्रूचा एक घोडेस्वार रोज येऊन खालच्या छावणीतला धूर मोजायचा. तीनशे चुली, एका चुलीवर दहा माणसं. एवढ्यांच्या अंगावर जायचं तर आधी तोफा येऊ देत, म्हणून शत्रू थांबला होता. तोफा आल्या की आपलं काही खरं नाही, हे छावणीत सगळ्यांना कळत होतं.

मग नाईकानं सटवाजीला बोलावलं. झाडीतून चोरवाटेनं फौज नदीच्या खालच्या अंगाला न्यायची, तिथून नदीपार करायची, असं ठरलं होतं. पण होड्या चारच. तीन दिवस लागणार. तोवर इथला एकही धूर कमी दिसता कामा नये.

नाईक म्हणाला, "पलीकडून शिंग वाजलं की समज, सगळे पोचले. मग तू सुटलास."

सटवाजीनं एवढंच विचारलं, की माझा भानजी कुठल्या होडीत? भानजी त्याचा धाकटा भाऊ, मांडीत भाला लागलेला. जखमींच्या डोल्या सावकाश चालणार, म्हणून तो शेवटच्या होडीत होता.

मग फौज गेली. उरला एकटा सटवाजी आणि तीनशे चुली.

उजाडलं. सटवाजी पळत सुटला. ही पेटव, ती पेटव. शंभरावी पेटली, तोवर पहिली विझली. परत मागे पळाला, तर पुढच्या विझल्या. टेकडीवर घोडेस्वार येऊन उभा राहिला. सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात एका चुलीतून राख उठली. उठली ती उठलीच, आणि तिची झाली एक म्हातारी. अंग करडं, डोळे निखाऱ्यासारखे.

म्हातारी म्हणाली, "मी पेटवते सगळ्या. पण मला भूक फार. रोज मागेन ते द्यायचं."

पहिल्या दिवशी तिनं त्याची शिदोरी मागितली. सगळ्या भाकरी सटवाजीनं आगीत टाकल्या. तीनशे धूर सरळ वर चढले. घोडेस्वारानं मोजले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगावरचं मागितलं. घोंगडी, पागोटं, अंगरखा, सगळं गेलं. धूर वर चढले, भाकरीचा खमंग वाससुद्धा सुटला. घोडेस्वार ओढ्यापर्यंत आला, नाक वर करून वास घेतला, आणि परत गेला. सटवाजी उघडा, उपाशी, लाकडाच्या ढिगाआड बसून होता.

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "आज तुझ्या घरच्या चुलीतला विस्तव दे."

मग तिनं समजावलंही. घरची चूल एकदा थंड पडली की तूही पायापासून थंड होत जाशील, आणि दिवेलागण सरायच्या आत तुझी राख होईल. नको असेल तर नाही म्हण. पण मग आज धूर नाही.

सटवाजीला घर दिसलं. बायको येसू चुलीपुढे बसलेली दिसली. मग भानजीची डोली दिसली, झाडीतून हळूहळू जाणारी. घोड्याच्या टापा वाजत होत्या. घोडेस्वार ओढा ओलांडत होता.

"घे," सटवाजी म्हणाला.

तीनशे चुली भडकल्या. धुराची माणसं झाली, प्रत्येक चुलीपाशी दहा दहा, उकिडवी बसलेली. घोडेस्वार छावणीच्या कडेला आला, सटवाजीपासून वीस पावलांवर. बघत राहिला. सटवाजीनं श्वास रोखून धरला. मग घोडा वळला, आणि टापा लांब गेल्या.

दिवस कलला. लांबून, नदीपलीकडून, शिंग वाजलं. शेवटची होडी पोचली होती. सटवाजी उठायला गेला, तर पाय उचलेना. बोटं करडी झाली होती. मग गुडघे गार पडले. मग कंबर गार पडली. म्हातारी समोर बसून बघत होती. सटवाजीनं डोळे मिटले, येसूचं नाव घेतलं, आणि वाट बघू लागला.

आणि बरं का, एकाएकी तळपायाला ऊब लागली. गुडघ्यात ऊब आली, कमरेत आली. म्हातारीनं कपाळाला आठ्या घातल्या. ती म्हणाली, "हा विस्तव तुझ्या घरचा नाही. यावर माझा हक्क नाही." एवढं बोलून ती राखेत मिसळली.

सटवाजी मागे न बघता पळाला. नदी पोहून गेला. सकाळी तोफा घेऊन शत्रू आला, तेव्हा त्याला मिळाली नुसती राख.

मग आठ दिवसांनी भानजीला घेऊन तो घरी पोचला. तेव्हा सगळं कळलं. त्या काळी काड्यापेटी नव्हती. चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवायचा. त्या दिवशी येसूची चूल अचानक गार पडली. दिवसभर फुंकत बसली, पण पेटेना, आणि दिवेलागण झाली. शेजारी मागावा, तर दिवेलागणीला विस्तव घराबाहेर कुणी देत नाही. येसू चुलीपुढे रडत बसली होती. पण शेजारी होती ठकूमावशी. कुणाकडे काय शिजलं, कोण आलं, कोण गेलं, सगळ्यात तिचं नाक. तिला येसूच्या छपरातून धूर दिसेना. मग तिला कुठला धीर? तिची सासू ओरडत राहिली, आणि ही खापरीत विस्तव घेऊन येसूच्या दारात हजर. म्हणाली, "काय गं, आज धूर का नाही तुझ्याकडे?" आणि बोलता बोलता तिनं चूल पेटवूनही टाकली.

येसूचं सांगून होतंय न होतंय, तेवढ्यात कुंपणावरून ठकूमावशीचं डोकं वर आलं. इतका वाळलास कसा, अंगरखा कुठं गेला, भानजीला काय झालं, सुरूच. येसू म्हणाली, "मावशी, आत्ताच आलेत ते. जरा टेकू दे त्यांना."

सटवाजी म्हणाला, "विचारू दे तिला. मावशी, आत ये. काय विचारायचं ते सगळं विचार."

मग ती आली आणि अंधार पडेपर्यंत विचारत बसली. त्यानंही सगळं सांगितलं, एकूण एक. भानजीचा पाय बरा झाला, येसू हसायला लागली, आणि ती माणसं पुढं सुखानं जगली. त्या घरातली चूल राखेखाली ऊब धरून निजली, तसे तुम्हीही निजा आता. मी आहे इथंच.